पेशींचे स्वभक्षण आणि यकृताचा कर्करोग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कानाला थोडा अवघड वाटेल. परंतु त्याचा संबंध समाजातील प्रत्येक घराशी आहे. २०१६ साली जपानचे शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील पेशी स्वतःचेच जीर्ण झालेले भाग पचवून त्यांतून नवे भाग कसे घडवते, या प्रक्रियेचा उलगडा केल्याबद्दल हा सन्मान होता. तेव्हापासून ‘उपवासाने कर्करोग बरा होतो हे नोबेल विजेत्याने सिद्ध केले’ अशा अर्थाचे संदेश घरोघरी मोबाइलवर फिरू लागले. तपश्चर्येची थोर परंपरा लाभलेल्या समाजाला असे काही वाचून अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र या विधानात सत्याचा जेवढा अंश आहे, तेवढाच धोकाही आहे. ज्या अवयवात ही प्रक्रिया सुरुवातीच्या काळात अभ्यासली गेली, त्या यकृताच्या बाबतीत ती कर्करोगाला रोखते आणि एका टप्प्यानंतर त्याच कर्करोगाला पोसतेही. हे दुहेरी रूप समजून घेणे, हाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम यकृताविषयी थोडेसे. उजव्या बरगड्यांखाली असलेला, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव म्हणजे शरीराचे मुख्य गोदाम आणि कारखाना, दोन्ही होय. आतड्यांत पचलेले बहुतेक अन्न रक्तावाटे आधी येथे येते. साखर येथे साठवली जाते, पित्त येथे तयार होते, रक्तातील अनेक प्रथिने येथे घडतात आणि औषधे व विषारी द्रव्ये येथेच निष्प्रभ केली जातात. काही भाग कापून काढला तरी पुन्हा वाढण्याची शक्तीही या अवयवात आहे. एवढ्या उलाढालीच्या ठिकाणी मोडतोड आणि अडगळ अधिक निर्माण होणार, हे उघडच आहे. कापडाच्या पेढीवर जितके तागे उलगडले जातात तितके कातरण खाली पडते. तसाच हा प्रकार.

पेशीच्या आत ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. ते जुने झाले की त्यांच्यातून अपायकारक ऑक्सिजन-संयुगे गळू लागतात. प्रथिने वाकडी होतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात. चरबीचे थेंब साठतात. हे सर्व तसेच पडून राहिले तर पेशीचा कारभार बिघडतो. म्हणून निसर्गाने पेशीला एक व्यवस्था दिली आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे आपल्याकडे घरोघरी चालत असे. पानिपतच्या बाजारात आजही जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताच्या चादरी-ब्लँकेटे विणतात. पेशीही हेच करते. जीर्ण भाग वेगळा काढायचा, त्याचे मूळ धागे मोकळे करायचे आणि त्यांतून नवे विणायचे. या व्यवस्थेला शास्त्रात ऑटोफॅजी असे नाव आहे. मराठीत तिला स्वभक्षण म्हणता येईल.

शरीराच्या हिशेबात या पुनर्वापराचे महत्त्व केवढे आहे, ते एका साध्या ताळेबंदावरून कळते. प्रौढ माणूस दिवसाकाठी साधारण ७० ग्रॅम प्रथिने अन्नातून घेतो. परंतु त्याचे शरीर त्याच दिवसात २०० ते ३०० ग्रॅम नवी प्रथिने तयार करते. बाहेरून आलेला माल ७० ग्रॅमचा आणि विणलेला माल त्याच्या तिप्पट-चौपट, हे कसे जुळते? उरलेला कच्चा माल जुन्याच प्रथिनांच्या विघटनातून येतो. हे विघटन करणारी दोन मोठी खाती पेशीत आहेत. एक खाते सुटी प्रथिने एकेक करून तोडते. दुसरे, म्हणजे स्वभक्षण, मोठ्या वस्तू आणि गठ्ठेच्या गठ्ठे एकदम मोडीत काढते.

या प्रक्रियेचा इतिहास यकृतापासूनच सुरू होतो. बेल्जियममधील लूव्हाँ येथे ख्रिस्तियाँ द द्यूव हे शास्त्रज्ञ इन्शुलिनच्या कार्याचा अभ्यास करीत होते. त्यासाठी ते उंदरांचे यकृत हलक्या हाताने वाटून त्यातील पाचक द्रव्ये मोजत. १९४९ च्या अखेरीस त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. एका द्रव्याची क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. पण तेच मिश्रण काही दिवस शीतपेटीत ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा ती कितीतरी वाढलेली होती. चुकीचा आकडा म्हणून सोडून न देता त्यांनी त्याचे कारण शोधले. ते द्रव्य पेशीत एका सूक्ष्म पिशवीत बंद होते आणि पिशवी फुटल्यावरच बाहेर पडत होते. या पाचक पिशवीला त्यांनी १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव दिले. १९६२ मध्ये अॅशफर्ड आणि पोर्टर या संशोधकांनी ग्लुकागॉन हे संप्रेरक दिलेल्या उंदरांच्या यकृतात अशा पिशव्यांच्या पोटात अर्धवट पचलेले मायटोकाँड्रिया पाहिले. ग्लुकागॉन हे उपाशीपणी रक्तात वाढणारे संप्रेरक आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढल्याच वर्षी, १९६३ मध्ये, लंडन येथील परिषदेत द द्यूव यांनी या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

यानंतर सुमारे पंचवीस वर्षे हा विषय मागे पडून राहिला. क्रिया दिसत होती, पण ती चालवणारी जनुके माहीत नव्हती. टोकियो विद्यापीठात १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळालेल्या ओसुमी यांनी फारसे कुणी लक्ष देत नसलेला प्रश्न निवडला. पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टच्या पेशी त्यांनी घेतल्या. ज्यांच्यातील पाचक द्रव्ये नाहीशी केलेली आहेत असे यीस्ट उपाशी ठेवले, तेव्हा काही तासांतच त्यांच्या पोकळीत न पचलेल्या पिशव्यांची दाटी झाली. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या या दृश्यावर त्यांनी पुढचे सर्व काम उभे केले. १९९२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि १९९३ मध्ये त्यांनी या क्रियेसाठी आवश्यक अशी १५ जनुके शोधल्याचे जाहीर केले. यांतील बहुतेक जनुकांची भावंडे मानवी पेशीतही आहेत, हे नंतर सिद्ध झाले.

ही क्रिया घडते कशी? पेशीत प्रथम एक पातळ दुहेरी पडदा तयार होतो. तो वाकत वाकत अडगळीभोवती गुंडाळला जातो आणि शेवटी तोंड मिटून त्याचे गाठोडे होते. हे गाठोडे लायसोसोमला जाऊन मिळते. तेथील आम्लयुक्त पाचक द्रव्ये आतील माल विरघळवतात आणि सुटे झालेले घटक पेशीच्या वापरासाठी परत बाहेर येतात. अन्न भरपूर असते तेव्हा हे काम मंद गतीने, झाडलोट म्हणून चालते. अन्न तुटले की त्याचा वेग वाढतो, कारण आता झाडलोटीबरोबर पोट भरण्याचीही गरज असते. म्हणजे एकाच क्रियेची दोन कामे आहेत: स्वच्छता आणि उपासमारीतील तरतूद. सज्जनहो, या दोन कामांतच पुढील सारे मर्म दडलेले आहे.

आता प्रश्न असा की, ही झाडलोट बंद पडली तर काय होते? हे समजण्यासाठी संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. जीवदयेचा संस्कार असलेल्या श्रोत्यांना हा उल्लेख सुखद वाटणार नाही. परंतु पुढील ज्ञान त्यातूनच मिळाले आहे, हे प्रांजळपणे सांगणे भाग आहे. अमेरिकेतील बेथ लेव्हिन यांनी बेक्लिन-१ नावाचे जनुक स्वभक्षणाशी आणि गाठी रोखण्याशी संबंधित असल्याचे १९९९ मध्ये दाखवले. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या जनुकाची दोनपैकी एकच प्रत असलेले उंदीर तपासले. त्यांच्यात आपोआप होणाऱ्या गाठींचे प्रमाण वाढलेले होते आणि त्यांत यकृताचा कर्करोगही होता. हिपॅटायटिस-बी विषाणूमुळे यकृतात होणारे कर्करोगपूर्व बदलही अशा उंदरांत लवकर घडले.

२००५ मध्ये मासाआकी कोमात्सू आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये यकृतातील स्वभक्षण बंद पडलेले उंदीर तयार केले. त्यांचे यकृत प्रचंड सुजले. पेशींत बिघडलेले मायटोकाँड्रिया आणि प्रथिनांचे गोळे साचले. २०११ मध्ये नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने याहून लक्षणीय गोष्ट दाखवली. शरीरभर विखुरलेल्या काही पेशींत स्वभक्षणाचे एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांना गाठी झाल्या, त्या फक्त यकृतात. अन्य कोणत्याही अवयवात त्या आढळल्या नाहीत. झाडलोट थांबली तर कर्करोगाच्या वाटेवर सर्वांत आधी यकृत जाते, असाच याचा अर्थ.

असे का व्हावे? येथे पी-६२ नावाच्या एका प्रथिनाची भूमिका समोर येते. हे प्रथिन म्हणजे गोदामातील हमालच. मोडीत काढायच्या मालावर चिठ्ठी लागलेली असते. ती ओळखून पी-६२ तो माल गाठोड्यात नेऊन टाकते आणि त्या मालाबरोबर स्वतःही पचून जाते. त्यामुळे निरोगी पेशीत त्याचा साठा वाढत नाही. स्वभक्षण थांबले की मालही उचलला जात नाही आणि हमालही संपत नाहीत. पी-६२ चे ढीग साचतात. हे ढीग एका दुसऱ्याच व्यवस्थेला हात घालतात, असे कोमात्सू यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. पेशीत एनआरएफ-२ नावाचा एक संरक्षक घटक असतो. संकटकाळी तो विषनाशक द्रव्ये वाढवतो. एरवी कीप-१ नावाचा पहारेकरी त्याला आवरून धरतो. साचलेले पी-६२ या पहारेकऱ्यालाच बांधून टाकते. मग संकट नसतानाही एनआरएफ-२ दिवसरात्र काम करीत राहतो.

संरक्षण वाढले तर चांगलेच, असे कुणालाही वाटेल. पण बिघडलेली पेशी मरणे हेही शरीराच्या हिताचे असते. एनआरएफ-२ च्या अखंड छत्रामुळे जी पेशी मरायला हवी ती जगते. एकीकडे बिघडलेल्या मायटोकाँड्रियांमुळे जनुकांची हानी चालूच असते, दुसरीकडे अशा हानी झालेल्या पेशीला अभय मिळते. कर्करोगाच्या बीजाला याहून अनुकूल जमीन कोणती? पी-६२ देखील काढून टाकले, तेव्हा या उंदरांच्या यकृतातील गाठी लहान राहिल्या. त्यावरून ही साखळी पक्की झाली. मानवी यकृताच्या कर्करोगातही अनेक रुग्णांच्या गाठींत पी-६२ चे साठे आढळतात.

प्रयोगशाळेतून आता माणसांकडे वळू. २०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुस आणि मोठे आतडे यांच्यानंतर यकृताचा क्रमांक लागतो. हिपॅटायटिस-बी आणि सी हे विषाणू, मद्य, यकृतातील चरबी आणि बुरशीचे विष ही त्याची प्रमुख कारणे होत. बहुसंख्य रुग्णांत आधी वर्षानुवर्षे यकृताला सूज राहते, ते निबर होत जाते, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि मग गाठ उद्भवते.

यांतील दोन कारणांचा स्वभक्षणाशी थेट संबंध आहे. हिपॅटायटिस-बीचा विषाणू स्वभक्षणाची यंत्रणा हाती घेऊन ती स्वतःची संख्या वाढवण्यासाठी वापरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. चरबीविषयीचे संशोधन २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातून पुढे आले. यकृतपेशी चरबीचे थेंबही स्वभक्षणाने मोडते, हे त्यातून प्रथम कळले. ही क्रिया रोखली तर चरबी साठते. आणि उलटपक्षी, चरबीयुक्त आहार दीर्घकाळ दिला तर ही क्रियाच मंदावते. अडगळीमुळे झाडू चालत नाही आणि झाडू चालत नाही म्हणून अडगळ वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. मद्य न घेणारा, शुद्ध शाकाहारी माणूसही या चक्रात सापडू शकतो. दिवसभर गादीवर बैठक, हालचाल नाही, मिठाई-फरसाण आणि तळण सढळ हाताने, मधुमेह आणि वाढलेला पोटाचा घेर ही चिन्हे ज्या घरांत आहेत, त्यांनी फॅटी लिव्हर हा शब्द हसण्यावारी नेऊ नये.

येथपर्यंत ऐकल्यावर कुणालाही वाटेल की स्वभक्षण वाढवले म्हणजे कर्करोगावर मात झाली. परंतु आता नाण्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे, आणि ती त्याच प्रयोगांत लपलेली होती. २०११ च्या त्या उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या खऱ्या. पण त्या सौम्य प्रकारच्या होत्या. त्या घातक कर्करोगापर्यंत पोचल्या नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांची तुलना केली गेली. ज्यांच्या यकृतात स्वभक्षण चालू होते त्यांना घातक कर्करोग झाला. ज्यांच्यात ते बंद होते त्यांच्या गाठी सौम्य अवस्थेतच अडकल्या. स्वभक्षण नसले की गाठ सुरू होते, पण तिला घातक होण्यासाठी स्वभक्षणच लागते, असा हा विलक्षण निष्कर्ष आहे.

त्यामागील कारण उपासमारीतील तरतूद या दुसऱ्या कामात आहे. गाठ वेगाने वाढते, तेव्हा तिच्या आतील भागाला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. तेथे प्राणवायू कमी आणि अन्नही कमी. निरोगी पेशी अशा ठिकाणी तग धरणार नाही. कर्करोगाची पेशी मात्र स्वभक्षणाच्या बळावर स्वतःचे भाग मोडून दिवस काढते. औषधांचा मारा झाला तरी ती हाच आश्रय घेते. यकृताच्या कर्करोगावर २००७ मध्ये मान्यता मिळालेले सोराफेनिब हे औषध घ्या. मुख्य चाचणीत त्याने रुग्णांचे सरासरी आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले. हा लाभ मर्यादित का राहिला, याचा शोध घेताना प्रयोगशाळेत असे दिसले की, या औषधाच्या ताणाखाली कर्करोगपेशी स्वभक्षण वाढवतात आणि त्यांतील काही त्यामुळे वाचतात. म्हणून हिवतापावरील क्लोरोक्विन आणि त्याच्या जातीची औषधे, जी लायसोसोममधील आम्लता घटवून स्वभक्षण अडवतात, ती कर्करोगाच्या औषधांना जोड म्हणून तपासली गेली.

म्हणजे एक संशोधक स्वभक्षण वाढवू पाहतो, दुसरा ते अडवू पाहतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या श्रोत्यांना यात विसंगती वाटणार नाही. एखाद्या गोष्टीचा निर्णय द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव पाहून करावा, हा विवेक येथे अक्षरशः लागू पडतो. निरोगी यकृतात जो रक्षक, तोच गाठीत पोशिंदा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपवासाने कर्करोग बरा होतो काय? ओसुमी यांना नोबेल मिळाले ते यीस्टमधील जनुकांच्या शोधासाठी. उपवासाच्या उपचारासाठी नव्हे. उपाशीपणी यकृतातील स्वभक्षण वाढते, हे प्राण्यांत निःसंशय सिद्ध आहे. परंतु उंदराचा एक दिवसाचा उपवास आणि माणसाचा एक दिवसाचा उपवास समान नसतात; उंदराचा देहव्यापार कितीतरी जलद चालतो. जिवंत माणसाच्या यकृतात किती स्वभक्षण चालले आहे, हे सांगणारी रक्ततपासणीही रूढ झालेली नाही. निरोगी माणसाने आपल्या शक्तीनुसार केलेला उपवास ही एक गोष्ट झाली. ज्याच्या यकृतात गाठ आहे त्याने उपचार सोडून केलेला उपवास ही पूर्णपणे वेगळी गोष्ट होय. अशा उपवासात गाठ उपाशी राहतेच असे नाही; रुग्णाचे स्नायू मात्र निश्चितपणे झिजतात.

सिरॉसिसच्या रुग्णाबाबत तर अधिक स्पष्ट बोलणे कर्तव्य आहे. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा राखून ठेवते. निबर झालेल्या यकृतात हा साठा अगदी तोकडा असतो. त्यामुळे असा रुग्ण केवळ एक रात्र काही न खाता राहिला, तर त्याच्या शरीराची स्थिती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखी होते. साखर संपते आणि शरीर स्नायू जाळू लागते. याच कारणाने यकृततज्ज्ञ अशा रुग्णांना झोपण्यापूर्वी थोडा आहार घेण्याचा सल्ला देतात. चौविहार पाळणाऱ्या घरात सायंकाळी साडेसहापासून सकाळच्या नवकारशीपर्यंत बारा-तेरा तासांचे अंतर पडते. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला सिरॉसिस असेल तर हे अंतर तिच्यासाठी किरकोळ नाही.

हा प्रश्न श्रद्धेविरुद्ध शास्त्र असा मांडण्याचे कारण नाही. पच्चक्खाण घेताना आगार ठेवले जातात आणि गंभीर आजारात समाधी टिकावी यासाठीचे आगारही त्यांत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पूर्वाचार्यांनी ही दृष्टी आधीच ठेवलेली आहे. तेव्हा अशा रुग्णाने आपले अहवाल घेऊन प्रथम डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला घ्यावा, तो सल्ला गुरुमहाराजांसमोर जसाच्या तसा ठेवावा आणि मग आपल्या नियमाविषयी निर्णय करावा. मुलांनी आणि सुनांनीही आईवडिलांचा आजार संकोचाने झाकून ठेवू नये. यकृताच्या रुग्णाला पाहून शेजारीपाजारी दारूचा संशय घेतील, या भीतीने कित्येक घरांत तपासणी लांबवली जाते. ही भीती निराधार आहे आणि तिची किंमत फार मोठी आहे.

स्वभक्षणाचे रक्षक रूप टिकवायचे असेल तर गाठ होण्यापूर्वीच्या काळातच उपाय करावे लागतात, आणि सुदैवाने ते आवाक्यातील आहेत. पहिला उपाय हिपॅटायटिस-बीची लस. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना ही लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. लस देऊन कर्करोग टळतो, याचा हा जगातील पहिला पुरावा मानला जातो. भारतात २००२ च्या सुमारास काही भागांत सुरू झालेली ही लस २०११ पासून देशभर राष्ट्रीय लसीकरणात आली. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांनी ही लस घेतलेली नाही. हा विषाणू अन्नपाण्यातून नव्हे, तर दूषित रक्त, निर्जंतुक न केलेली सुई, सामाईक वस्तरा, शारीरिक संबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, असा पसरतो. सात्त्विक आहाराने त्यापासून संरक्षण मिळत नाही.

दुसरा उपाय तपासणी. हिपॅटायटिस-बी आणि सी या दोहोंची रक्ततपासणी साधी आहे. हिपॅटायटिस-सी आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत या दोन्ही आजारांची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य होतात. ज्यांना सिरॉसिस झाला आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. लहान गाठ वेळेवर सापडली तर ती काढून टाकणे किंवा यकृत प्रत्यारोपण करणे शक्य असते.

तिसरा उपाय स्वयंपाकघरातील. भुईमूग, मका यांसारख्या धान्याला ओल लागली की त्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या आजाराने दगावली होती. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर ते कर्करोगाला कारण होते. बुरशी आलेले, कडवट लागणारे शेंगदाणे धुऊन-भाजून वापरण्याची काटकसर कोणत्याही गृहिणीने करू नये. भाजल्याने हे विष पूर्णपणे जात नाही.

चौथा उपाय वजन आणि हालचाल. व्यायामाने यकृतातील चरबी घटते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत स्वभक्षणही वाढलेले दिसते. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, हे बाह्य तपातील एक अंग आहे. आठवड्याचा एक उपवास आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला तुडुंब मिष्टान्न, यापेक्षा रोजची ऊनोदरी यकृताला अधिक मानवते.

शेवटी उपचारांच्या खर्चाविषयी एक शब्द, कारण व्यापारी कुटुंबातही दीर्घ आजार घराचा ताळेबंद बिघडवतो. वर उल्लेखिलेले सोराफेनिब एके काळी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना देऊन एका भारतीय कंपनीला ते बनवण्याची मुभा दिली आणि त्याची किंमत ८,८८० रुपयांवर बांधून दिली. आपल्या देशात असा परवाना मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधेही या रोगात वापरली जात आहेत, पण ती महाग आहेत. अशा वेळी समाजाच्या वैद्यकीय मदत निधीचा खरा उपयोग होतो. त्याहूनही मोठा उपयोग लस आणि रक्ततपासणीच्या शिबिरांचा आहे, कारण एका रुग्णाच्या उपचाराला लागणाऱ्या रकमेत शेकडो व्यक्तींना लस देता येते. सुवर्णमहोत्सवी वर्षात असे एक शिबिर नियमितपणे भरवण्याचा संकल्प झाला, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

बंधू-भगिनींनो, पेशीच्या पोटातील या सूक्ष्म व्यवहाराने एवढेच सांगितले आहे की, साफसफाई वेळेवर झाली तर ती घर वाचवते; घरात चोर शिरल्यावर तीच शिदोरी चोराच्याही उपयोगी पडते. म्हणून निरोगी असताना संयम पाळावा, आणि आजार झाल्यावर विलंब न करता, मनाने उपवास न लादता, योग्य उपचार घ्यावेत. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही शुभकामना.

जय जिनेंद्र.